शिवेवरची मुदत

धुळ्यातल्या जुन्या पेठेत गल्ल्यांना आकडे आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि पांझरेच्या काठी नवी पेठ आखून घेतली. सरळ रस्ते, ओळीने घरे, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना येऊन वसायचे आमंत्रण. या आखीव पेठेचा केर टाकायचा कुठे, हा प्रश्न त्या वेळी कोणाला फारसा पडला नसावा, कारण त्याचे उत्तर बैलगाडी जुंपून स्वतःच गावात येत असे. शेण, चुलीतली राख, पाचोळा, खरकटे, गोठ्यातला गदाळा यांतले शेतकऱ्याला नकोसे असे काहीच नव्हते. खानदेशात घरामागे उकिरडा असणे हे कमीपणाचे लक्षण नव्हते. ज्याचा उकिरडा मोठा त्याची गुरे जास्त, आणि ज्याची गुरे जास्त त्याचे रान कसदार.

धुळ्याला १८६२ मध्ये आणि जळगावला १८६४ मध्ये नगरपालिका आली. त्या काळात मुंबई इलाख्यातल्या कित्येक नगरपालिका मैला आणि केर कुजवून सोनखत करीत आणि ते शेतकऱ्यांना विकून चार पैसे मिळवीत. हिशेबाच्या वहीत कचरा जमेच्या बाजूला येत असे. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याचा घाट ओलांडून वर गेले की इंदूर लागते. तिथे १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्डने शेतीसंशोधनाची संस्था उभारली आणि यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांचे पुस्तक आले आणि 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेले. त्यात मुळातून नवे फार थोडे होते. आपल्या आणि चीनच्या शेतकऱ्याला जे हाताने ठाऊक होते, ते हॉवर्डने मोजून आणि नोंदून ठेवले. तरीही खानदेशातल्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. कुजणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे, हे जगाला सांगणारे ठिकाण आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर होते.

मग ढिगाची जातच बदलली. कॅरीबॅग आली, गुटख्याची पुडी आली, थर्माकोल आला, बॅटरीचे सेल आले. शेतकऱ्याने गाडीभर शहरी खत एकदा रानात नेले, नांगराच्या फाळाला प्लॅस्टिकच्या चिंध्या गुंडाळल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी तो आलाच नाही. कचरा आणि शेत यांच्यातला सौदा असा कोणी न मोडता मोडला. जळगावच्या एमआयडीसीतून प्लॅस्टिकच्या चटया देशभर जातात. टाकलेल्या प्लॅस्टिकलाही बाजार असतो हे या शहराला कोणी शिकवायला नको. पण ओल्यात कालवलेले प्लॅस्टिक ना चटईच्या कामाचे, ना कपाशीच्या.

शेतकरी यायचा थांबला तेव्हा शहर त्याच्याकडे जाऊ लागले, आणि जाताना विचारायचे राहून गेले. 'डेपो' हा शब्द तेव्हाचाच. एसटीच्या डेपोत गाडी येते, धुतली जाते, डिझेल भरून बाहेर पडते. कचऱ्याच्या डेपोतून बाहेर पडतो तो फक्त धूर, आणि पावसाळ्यात काळे पाणी. धुळ्याचा डेपो वरखेडीच्या रस्त्याला, जळगावचा गिरणेकडच्या आव्हाणे शिवारात. जळगावात तर नुसता ढीग नको म्हणून प्रक्रिया प्रकल्प उभारला गेला. हंजीर बायोटेक या कंपनीकडे काम होते. तो चालला, अडखळला आणि बंद पडला. गाड्या मात्र येत राहिल्या. प्रकल्प म्हणून घेतलेली जागा हळूहळू डेपो झाली, आणि उन्हाळ्यात ढीग पेटला की आसपासच्या वस्तीत रात्र खोकत काढायची, हा दोन्ही शहरांच्या शिवेवरचा नेम झाला. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे होते, धुळे पावणेचार लाखांवर. एवढ्या लोकांनी सकाळी घंटागाडीत टाकलेले दुपारी कुठे पोचते, हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिले असेल.

कायद्याला याची जाग उशिरा आली. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या रेट्यातून सप्टेंबर २००० मध्ये घनकचऱ्याचे देशव्यापी नियम आले. नियमांना तारखांचे परिशिष्ट होते. जुन्या जागांची सुधारणा २००१ संपेपर्यंत, नव्या जागा शोधून तयार करणे २००२ संपेपर्यंत, प्रक्रिया प्रकल्प २००३ संपेपर्यंत. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्येच जन्माला आल्या. म्हणजे पाळण्यात घातले तेव्हा पहिली मुदत त्यांच्या डोक्यावरून निघून गेलेली होती. २०१६ मध्ये नियम बदलले आणि तारखा पुन्हा नव्याने छापल्या गेल्या. २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा आला आणि जुने ढीग उपसण्यासाठी २०२६ पर्यंतचा काळ मिळाला. सरकार आणि महापालिका यांच्यात मुदत म्हणजे पुढे ढकलायची गोष्ट. गाव आणि महापालिका यांच्यात ती तशी नसते, आणि हा फरक काय करू शकतो हे अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेल्यावर दिसते.

आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद. शहराच्या पूर्वेला नारेगाव आणि मांडकी. तीस वर्षांहून जास्त काळ साऱ्या शहराचा कचरा तिथे पडत होता. ढिगाचे डोंगर झाले, विहिरींच्या पाण्याचा रंग बदलला, कुत्र्यांच्या टोळ्या झाल्या. जवळच चिकलठाण्याचा विमानतळ, त्यामुळे ढिगावर घिरट्या घालणाऱ्या घारींची काळजी गावकऱ्यांच्या आधी विमानवाल्यांनी केली. २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. फुलंब्रीचे आमदार आणि तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष हरिभाऊ बागडे मध्ये पडले, महापालिकेने सुमारे चार महिने मागून घेतले आणि गावाने ते दिले.

त्या चार महिन्यांत काय व्हायला हवे होते, याचा विचार करून पाहा. शहरात रोज साधारण साडेचारशे टन कचरा निघत होता. घरोघरी ओला-सुका वेगळा करायची सवय लावायची, वॉर्डावॉर्डात खताचे खड्डे करायचे, दोन-चार ठिकाणी यंत्रे बसवायची, त्यासाठी निविदा काढायच्या, जागा निश्चित करायच्या. चार महिन्यांत हे सगळे झाले असते असे नाही. पण सुरुवात झालेली दिसली असती, तर गावाने पुढचे चार महिनेही दिले असते, असे मला वाटते. गावाचा स्वभाव असाच असतो. उसनवारीत व्याज थकले तरी चालते, पण तोंड चुकवलेले चालत नाही.

१६ फेब्रुवारी २०१८ ला गावकरी रस्त्यावर बसले. एकही गाडी सोडायची नाही, आणि या वेळी मुदतही द्यायची नाही. पहिले दोन-तीन दिवस शहराने हे नेहमीचे आंदोलन मानले. मग चौकांतल्या कुंड्या वाहू लागल्या, दुभाजकाच्या कडेने पिशव्यांची रांग लागली, लोक रात्री गुपचूप दुसऱ्याच्या गल्लीत पिशवी ठेवून येऊ लागले. कुठे महापालिकेने, कुठे नागरिकांनी कचरा पेटवला. वर्तमानपत्रांनी 'कचराकोंडी' हा शब्द घडवला आणि तो इतका नेमका होता की लोकांच्या तोंडी बसला. वाहतूककोंडीत माणूस अडकतो आणि रस्ता तिथेच असतो. इथे रस्ताच संपला होता. वीस दिवसांत नऊ हजार टनांच्या आसपास कचरा साचावा, हा साधा गुणाकार आहे. पण ज्या शहरात वेरूळ-अजिंठ्याला जाणारे पाहुणे उतरतात, त्या शहरात हा गुणाकार नाकाने करावा लागला.

जागेचा शोध सुरू झाला तो या घाईत, आणि मला वाटते सगळी चूक इथेच आहे. शांतपणे नकाशा पसरून जागा निवडणे वेगळे, आणि भरलेली गाडी रस्त्यावर उभी ठेवून जागा विचारणे वेगळे. कांचनवाडी, झाल्टा, पडेगाव, मिटमिटा अशी नावे एकेक करून पुढे आली, आणि नाव येताच तिथले लोक वाटेवर येऊन उभे राहिले. नारेगावने तीस वर्षे काय सोसले हे आता साऱ्या जिल्ह्याने टीव्हीवर पाहिले होते. 'थोडे दिवस', 'तात्पुरते', 'शास्त्रोक्त पद्धतीने' या शब्दांचा अर्थ नारेगावच्या डोंगराकडे पाहून कोणालाही लावता येत होता. शेजारच्या गावाची होरपळ हा सगळ्यात खणखणीत अहवाल असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात यापुढे कचरा टाकायला मनाई केली. परतीचा रस्ताही बंद झाला.

७ मार्चला कचऱ्याच्या गाड्या पोलिस बंदोबस्तात मिटमिटा-पडेगावकडे निघाल्या. मिटमिटा शहराच्या पश्चिमेला, दौलताबादच्या वाटेवर. याच मिटमिट्यात महापालिकेचा सफारी पार्क करायचा बेत होता. वाघ बघायला लोक येतील असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्या दारात कचऱ्याच्या गाड्या आल्या. दगडफेक झाली, गाड्या पेटवल्या गेल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधुराची नळकांडी फोडली. त्या दुपारची सीसीटीव्हीतली चित्रे पुढचे काही दिवस राज्यभर फिरली. त्यांत वर्दीतली माणसे दगड मारताना आणि लोकांच्या गाड्यांची मोडतोड करताना दिसत होती. विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पोलिस आयुक्त यशस्वी यादव यांना सक्तीच्या रजेवर पाठवत असल्याचे सभागृहात जाहीर केले. महापालिका आयुक्त दी. मा. मुगळीकर यांची बदली झाली आणि आयुक्तपदाचा तात्पुरता भार जिल्हाधिकारी नवल किशोर राम यांच्याकडे आला. कचऱ्याच्या पिशवीने एका महिन्यात दोन आयुक्त हलवले. आपल्याकडे खुर्च्या हलायला याहून मोठ्या गोष्टीही पुरत नाहीत.

पुढचा भाग फारसा नाट्यमय नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही नाही. पण निकाल तिथेच लागला. एका डोंगराऐवजी चार जागा ठरल्या: चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस, बाकी ठिकाणी प्रक्रिया आणि खत. यांतल्या पडेगाव-कांचनवाडीचे लोक त्याच मार्चमध्ये रस्त्यावर होते. विरोध तिथे लगेच मावळला असे नाही. यंत्रे यायला वर्षे लागली, मधल्या काळात त्या जागांवरही ढीग झाले. तरी 'इथे पडेल आणि पडून राहील' यापेक्षा 'इथे येईल आणि काहीतरी होऊन जाईल' हे सांगणे थोडे सोपे गेले असावे. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने घनकचऱ्याचे धोरण नाही म्हणून महाराष्ट्रासह काही राज्यांतली नवी बांधकामेच थांबवली. मिटमिट्याला जे कळले होते ते मंत्रालयाला कळायला सहा महिने लागले.

नारेगाव एकटे नव्हते. पुण्याने १९९१ पासून कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत न्यायला सुरुवात केली. त्रेचाळीस एकरांच्या दगडखाणीपासून आरंभ झाला आणि डेपो १६३ एकरांवर पोचला. विहिरी नासल्या, टँकर आले, आणि डेपोबाधितांच्या वारसांना नोकऱ्या देण्याची आश्वासने निघाली. तिथेही जळगावात काम केलेल्या हंजीरचाच मोठा प्रकल्प आला आणि पुरेसा चालला नाही. तिथेही गाड्या अडत, बैठक होई, महिने ठरत, गाड्या सुटत. १४ एप्रिल २०१७ ला डेपोला मोठी आग लागली तेव्हा गावांनी तेवीस दिवस गाड्या येऊ दिल्या नाहीत. मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी स्वतः बैठक घेतल्यावर रस्ता मोकळा झाला. नवी जागा म्हणून पिंपरी सांडसच्या वनजमिनीचे नाव पुढे आले, आणि पिंपरी सांडसने ते ऐकताच नकार दिला.

अशी नावे पुढे कशी येतात? कागदावर निकष स्वच्छ आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे भरावभूमी नदीपासून शंभर मीटर लांब हवी. तळे, महामार्ग, वस्ती, बाग आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून दोनशे मीटर. विमानतळापासून वीस किलोमीटर, दहा ते वीसच्या मध्ये हवी तर ना हरकत प्रमाणपत्र. पूररेषेच्या आत नको. वीस-पंचवीस वर्षे पुरेल एवढी मोठी हवी. आता हे निकष आणि नकाशा घेऊन खानदेशात बसा. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत दर दोन-तीन किलोमीटरवर एक गाव, प्रत्येक शिवारात विहिरी, मध्येच पाटचारी. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी. कंपासने वर्तुळे काढत गेले की उरते काय? गायरान. गायरानाला सातबाऱ्यावर एकटा मालक नसतो, भूसंपादनाचा मोबदला द्यावा लागत नाही, कोर्टात जाणारा खातेदार नसतो. दगडखाण आणि वनजमीन यांचेही तेच. म्हणून कुठल्याही शहराची फाइल उघडा, बोट तिथेच टेकते. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितले, त्या वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारनेही गायरान इतर कामाला द्यायचे नाही, सार्वजनिक उपयोगासाठी दुसरी जमीन नसेल तरच द्यायचे, असा निर्णय काढला. पण 'दुसरी जमीन नाही' हे वाक्य लिहायला किती वेळ लागतो?

गायरानाला मालक नसतो ही समजूत फक्त सातबारा वाचणाऱ्याची आहे. ज्याच्या दोन शेळ्या तिथे चरतात, ज्याचे पाल तिथे पडते, मयत झाली की ज्यांना तिथेच जागा मिळते, त्यांना ते कोणाचे हे चांगले ठाऊक असते.

१९८४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या एका मंडळाने सेरेल असोसिएट्स या सल्लागारांकडून अहवाल करून घेतला होता. कचरा जाळून वीज करण्याच्या प्रकल्पांना लोकांचा विरोध कुठे कमी होईल, हा प्रश्न होता. उत्तरात माणसांची वर्णने होती: कमी शिकलेली, कमी मिळकतीची, छोट्या गावातली, शेतीवर किंवा खाणीवर जगणारी वस्ती. पुढे हा कागद बाहेर फुटला आणि खूप गाजला. आपल्याकडे असा अहवाल कोणी लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही. वरखेडी, आव्हाणे, नारेगाव, उरुळी ही नावे एका ओळीत लिहिली की तो लिहायची गरज का पडली नाही ते कळते.

शहरातल्या सुशिक्षितांना गावचा विरोध हा आडमुठेपणा किंवा राजकारण वाटतो. राजकारण असतेच. गाड्या अडवणाऱ्यांत उद्याचा सरपंच असतो, आणि कचऱ्याच्या ठेक्यात कालचा नगरसेवक असतो. पण नारेगावच्या माणसांनी तीस वर्षांत कचरा सोसला, माशा सोसल्या, पाहुणे घरी यायचे बंद झाले तेही सोसले, आणि उठून बसले ते मागून घेतलेल्या महिन्यांचा हिशेब चुकल्यावर. उरुळीतही तसेच. दोन्हीकडे जागा निवडण्याचा इतिहास म्हणून जे सांगता येते, ते बघितले तर मोडलेल्या मुदतींची यादी आहे. पिंपरी सांडसने किंवा मिटमिट्याने नाही म्हटले ते आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या अनुभवावरून. जळगाव किंवा धुळ्याने उद्या नवी जागा शोधली तर तिथली ग्रामसभा आव्हाण्याला किंवा वरखेडीला जाऊन येईल, सादरीकरणातले हिरवे पट्टे नंतर पाहील.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे महापालिकेत घेतली गेली. कर शहराचे, पाणी टँकरचे आणि डेपो होता तिथेच, असा अनुभव आल्यावर गावांनी बाहेर पडायची मागणी धरली. २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. घनकचऱ्याचे नियम आता तिलाही लागू आहेत: घरोघरी वेगळा करून गोळा करायचा, प्रक्रियेची सोय करायची, आणि उरलेल्यासाठी आपल्या हद्दीत किंवा शेजाऱ्याच्या संमतीने जागा पाहायची.